काकांच्या १२ कॅसेट्स: जुनी विनोदी कार्टून्स लहान फायलींत जपताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यूजर्सीला राहणाऱ्या तुमच्या काकांनी १९९३ ते १९९९ या काळात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या १२ व्हीएचएस कॅसेट्स आता नाशिकला तुमच्या घरी आल्या आहेत. त्यांत ‘द सिम्पसन्स’, ‘बीव्हिस अँड बटहेड’ आणि ‘डारिया’चे भाग आहेत. सोबत २००३ च्या सुमाराच्या २० सीडी आहेत, त्यांत ‘साउथ पार्क’, प्रत्येक फाइल साधारण १७५ एमबीची. हे सगळं तुम्हाला १ टीबीच्या एका डिस्कवर, जमेल तितक्या लहान फायलींत बसवायचंय. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कोणता, बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारी जागा) किती, एआय वापरून चित्र मोठं करावं का, आणि स्ट्रीमिंगवर सगळं मिळत असताना हा खटाटोप करावाच का, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं टेपा डिजिटल करण्याचं काम करते आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे निर्णय त्याच्यावर उभे आहेत. खटाटोप करावा, आणि लवकर करावा.

स्ट्रीमिंगवर ‘सगळं’ नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला डिस्ने प्लस सुरू झालं, तेव्हा ‘सिम्पसन्स’चे जुने भाग तिथे रुंद पडद्याच्या मापात कातरून आले होते. मूळ चित्र ४:३, ते १६:९ मध्ये भरायचं म्हणून वरचा-खालचा पट्टा उडवलेला. १९९३ च्या ‘डफलेस’ भागात बिअरच्या कारखान्याची सफर आहे. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या, आणि वर बघितलं तर तिन्हींत एकाच पाइपातून तीच बिअर पडते आहे. अख्खा विनोद त्या वरच्या पाइपात आहे, आणि कातरलेल्या चित्रात पाइपच गेला होता. चाहत्यांनी हे दृश्य शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, ते त्यांच्याकडे जुन्या प्रती होत्या म्हणून. मे २०२० मध्ये मूळ मापाचा पर्याय आला. ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ हा १९ सप्टेंबर १९९१ चा भाग, ज्यात एका पात्राला मायकल जॅक्सनचा आवाज आहे, तो मार्च २०१९ मध्ये निर्मात्यांनीच प्रसारणातून काढून घेतला.

‘डारिया’ची गोष्ट याहून गंभीर. १९९७ ते २००२ या काळात ती एमटीव्हीवर लागायची, आणि दृश्यांच्या मागे त्या काळातली खरीखुरी गाणी वाजायची. २०१० मध्ये डीव्हीडी संच आला तेव्हा गाण्यांचे हक्क विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून बहुतेक गाणी बदलून दुसरं संगीत घातलं गेलं. ‘बीव्हिस अँड बटहेड’मध्ये दोघं सोफ्यावर बसून म्युझिक व्हिडिओंवर शेरे मारतात, हा कार्यक्रमाचा गाभा. अधिकृत डीव्हीडींवरच्या भागांतून ते व्हिडिओ बहुतेक गायब आहेत. शिवाय १९९३ च्या शेवटी अमेरिकेत एका घराला लागलेल्या आगीचा दोष या मालिकेवर आला, तेव्हा एमटीव्हीने ती रात्री उशिराच्या वेळेला हलवली आणि आगीचे उल्लेख कापले. त्याआधी रेकॉर्ड झालेली कॅसेट तुमच्याकडे असेल तर ती सगळ्यात आधी हातात घ्या.

म्हणजे काकांच्या कॅसेटवरचं चित्र कितीही धूसर असलं, तरी काही बाबतींत ती प्रत विकत मिळणाऱ्या प्रतीपेक्षा जास्त पूर्ण आहे. तुमचं काम ते पूर्णपण जपण्याचं आहे. चित्राची तकतकी नंतर.

कॅसेटला हात लावण्याआधी

आपल्याकडच्या पावसाळ्याने जितक्या टेपा खाल्ल्या तितक्या कुठल्या व्हीसीआरने खाल्ल्या नसतील. कॅसेटच्या खिडकीतून आतल्या रिळावर टॉर्च मारून बघा. कडेला पांढरी पूड किंवा कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात काही आठवडे कोरडी होऊ द्या आणि मग टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडे द्या. चांगल्या कॅसेट्सही आधी शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते.

पुढची अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काकांच्या कॅसेट्स एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीच्या आहेत आणि आपल्याकडचे व्हीसीआर पॅल या आपल्याकडच्या पद्धतीचे. नंतरच्या काळातल्या आपल्या अनेक यंत्रांवर ‘एनटीएससी प्लेबॅक’ असं लिहिलेलं असतं आणि टीव्हीवर चित्र दिसतंही, पण त्यातून खरा एनटीएससी सिग्नल बाहेर पडत नाही. रेषा आणि फील्डची (फ्रेमच्या एकाआड एक अर्ध्या रेषांची) गती एनटीएससीची, रंग मात्र पॅलच्या पद्धतीने बदललेला, अशी ती मधलीच तडजोड असते. टीव्ही ती चालवून घेतो. कॅप्चर कार्ड गोंधळतं आणि कधी चित्र काळं-पांढरं येतं, कधी गडबडतं. तेव्हा खरं एनटीएससी देणारा किंवा पूर्ण मल्टिसिस्टिम व्हीसीआर मिळवा. गावातल्या एखाद्या स्टुडिओला काम दिलंत तर ‘२५ फ्रेमची पॅल डीव्हीडी करू नका’ हे लिहूनच द्या, कारण तिथे सवयीने तेच होतं, आणि एकदा तसं झालं की पुढे सांगणार आहे त्यातलं काहीही करता येत नाही.

व्हीसीआरला एस-व्हिडिओ आउटपुट असेल तर तेच वापरा. व्हीएचएसवर प्रकाश आणि रंग मुळात वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट वायरमध्ये ते पुन्हा एकत्र होतात आणि रंगीत कडांवर ठिपके सरकताना दिसतात. ‘सिम्पसन्स’सारख्या सपाट रंगांच्या चित्रात हे ठिपके सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतात. तसाच टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपच्या थरथरीमुळे डावी-उजवीकडे सरकलेल्या रेषा जागेवर आणणारं सर्किट, हेही हवं. माणसांच्या चित्रणात ही थरथर खपून जाते. कार्टूनमधली दाराची सरळ चौकट मात्र लगेच नागमोडी दिसते.

डिस्कचा हिशेब

काकांनी बहुधा सहा तासांच्या ईपी मोडमध्ये रेकॉर्ड केलं असणार, त्या काळी टेप वाचवायला सगळे तेच करायचे. १२ कॅसेट्स, प्रत्येकी ६ तास, म्हणजे जास्तीत जास्त ७२ तास. मूळ प्रत मी एफएफव्ही१ या कोडेकमध्ये, एमकेव्ही फाइलमध्ये ठेवते. हा कोडेक एकही बिंदू फेकत नाही, खुला आहे, २०२१ पासून त्याचा प्रमाणित दस्तऐवज उपलब्ध आहे, आणि फाइलच्या आतच तपासणीचे आकडे असल्यामुळे एखादी फ्रेम बिघडली तर कळतं. व्हीएचएसच्या गोंगाटासकट त्याला तासाला साधारण २५ ते ३५ जीबी लागतात. ७२ तासांचे झाले दोन टीबीच्या आसपास.

तुमच्या १ टीबीत हे बसत नाही हे उघड आहे. माझा आग्रह आहे की ४ टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक तुमच्याकडे आणि एक दुसऱ्या घरी. ते खरंच शक्य नसेल तर ‘बीव्हिस’ आणि ‘डारिया’ एफएफव्ही१ मध्ये ठेवा. ‘सिम्पसन्स’च्या बहुतेक भागांच्या चांगल्या डीव्हीडी निघाल्या आहेत, त्यामुळे ते एक्स२६४ या थोडं तपशील फेकणाऱ्या कोडेकमध्ये उंच दर्जावर, मूळ इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये) स्वरूपातच ठेवलेत तरी मी हरकत घेणार नाही.

हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. २००४ मध्ये मी माझ्या भावाच्या कॅसेट्स घेतल्या, फील्ड एकमेकांत मिसळून टाकणाऱ्या फिल्टरमधून काढल्या, जाहिराती कापल्या, प्रत्येक भाग १७५ एमबीचा केला आणि कॅसेट्स देऊन टाकल्या. तेव्हा ते सगळं उत्तम दिसत होतं. आज त्या फायलींतल्या प्रत्येक हलत्या हाताला भुतासारखी सावली आहे, आणि ती काढण्याचा कुठलाही मार्ग माझ्याकडे नाही. पाहण्याची प्रत लहान असू दे, तुम्ही ती दहा वर्षांनी पुन्हा कराल. पण पुन्हा करायला मूळ हवं.

फाइल लहान कशी होते

लहान फाइल म्हटलं की सगळे आधी बिटरेट खाली ओढतात. कार्टूनच्या बाबतीत मी तुम्हाला बिटरेटला हातच लावू नका म्हणेन. कोडेकच्या गळ्यात पडलेलं फुकटचं काम काढून घ्या, फाइल आपोआप उतरते.

हे नीट समजून घ्या. ‘सिम्पसन्स’ २००२ पर्यंत सेलवर (पारदर्शक पातळ शीटवर) हाताने रंगवलं जायचं आणि ते फिल्मच्या गतीने चालायचं, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम. त्यातही दर फ्रेमला नवं चित्र नसतं. बऱ्याच हालचालींत एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला नवी चित्रं १२. होमर सोफ्यावर बसून बोलत असेल तर तोंड तेवढं हलतं. सोफा, भिंत, भिंतीवरचं नावेचं चित्र सगळं जागच्या जागी. कोडेकसाठी याहून सोपं काही नाही. ‘मागच्यासारखंच’ एवढी नोंद केली की झालं.

पण अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला २९.९७ फ्रेमवर चालायचा, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली, एकात सम रेषा आणि दुसऱ्यात विषम. २४ चे ३० करायला फिल्मची एक फ्रेम दोन फील्डना देतात, पुढची तीन फील्डना, मग दोन, मग तीन. त्यामुळे टीव्हीच्या दर पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ असतात आणि दोन फ्रेममध्ये दोन वेगळ्या चित्रांच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या. पॉज केलं की कंगव्याचे दात दिसतात ते हेच. वर व्हीएचएसचा गोंगाट. आता जी भिंत अर्धा मिनिट स्थिर होती तीसुद्धा कोडेकला दर फ्रेमला नवी दिसते. १२ चित्रांसाठी तो सेकंदाला ६० फील्डची मजुरी करतो, आणि तुम्ही बिटरेट कमी ठेवलात की ती मजुरी अर्धवट सोडतो. मग रेषांभोवती डास घोंगावल्यासारखे दिसतात.

म्हणून क्रम असा. आधी फील्ड जुळवून मूळ फिल्म फ्रेम परत मिळवायच्या आणि पाचातली एक जादाची फ्रेम काढायची. गती येते २३.९७६. त्यासाठी व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एव्हीसिंथमध्ये टीआयव्हीटीसी, व्हेपरसिंथमध्ये व्हीआयव्हीटीसी, आणि एफएफएमपेगने काम चालवायचं असेल तर त्यातले फील्डमॅच आणि डेसिमेट हे फिल्टर लागोपाठ. ठरावीक दोन-तीनचा ताल गृहीत धरणारं साधन घेऊ नका. हे भाग बऱ्याचदा व्हिडिओवर संकलित झाले आहेत, त्यामुळे कटपाशी आणि जाहिरातींच्या आधी-नंतर ताल मोडतो. फील्ड प्रत्यक्ष तुलना करून जुळवणारं साधनच तिथे टिकतं. कंगवा दिसला म्हणून सरळ डीइंटरलेस करणं, म्हणजे एका फील्डवरून उरलेल्या रेषा अंदाजाने भरणं, ही दुसरी नेहमीची चूक. त्यात उभं तपशील जातं आणि जादाची फ्रेम तशीच राहते.

‘बीव्हिस अँड बटहेड’ इथे वेगळं वागतं. कार्टूनचा भाग फिल्मच्या गतीचा, पण मधले म्युझिक व्हिडिओ काही फिल्मवरचे, काही थेट व्हिडिओवर चित्रित. सगळ्यावर एकच उपाय केलात तर व्हिडिओतली हालचाल अडखळते. मी अशा भागांना क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेस करणारा फिल्टर वापरून ५९.९४ फ्रेमवर आणते. फ्रेमची संख्या दुप्पट झाली तरी भीती नाही, कारण कार्टूनच्या भागात त्यातल्या बहुतेक फ्रेम एकमेकींसारख्याच असतात आणि त्यांना कोडेक जवळजवळ काहीच जागा देत नाही. फाइल वाढते ती म्युझिक व्हिडिओंपुरती.

गती मार्गी लागली की गोंगाट. स्थिर भिंत खरोखर स्थिर झाली की फाइल लहान होते, म्हणून काळाच्या दिशेने सरासरी काढणारे फिल्टर कार्टूनवर फार गुणकारी. इथेच सगळ्यात जास्त संयम लागतो. ‘सिम्पसन्स’च्या लेखकांनी व्हीसीआर असलेल्या प्रेक्षकांसाठी मुद्दाम विनोद पेरले आहेत, पॉज केल्याशिवाय वाचताच येणार नाहीत असे: दुकानाची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा, चर्चबाहेरचा फलक. क्षणभर येणारी पाटी जोरदार फिल्टरला गोंगाटच वाटते आणि तो ती पुसून टाकतो. तुमच्या लक्षातही येत नाही, कारण उरलेला भाग सुंदर दिसत असतो. जुळवणी चुकली तर जादाची म्हणून काढलेली फ्रेमसुद्धा नेमकी तीच असू शकते. म्हणून मी फिल्टर हलकाच ठेवते आणि प्रत्येक भागातल्या चार-पाच पाट्या, शिवाय सुरुवातीला बार्ट फळ्यावर लिहितो ते वाक्य, आधीच्या आणि नंतरच्या प्रतीत फ्रेम-फ्रेमने ताडून बघते. अक्षर वाचता येईनासं झालं तर फिल्टर मागे घ्यायचा, फाइल ५० एमबीने वाढली तरी चालेल.

कोडेक

हा भाग लोकांना सगळ्यात मोठा वाटतो. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात छोटा आहे.

घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, काकांच्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालायला हवं असेल तर एक्स२६४, ८ बिट (रंगछटांची बारकाई), सीआरएफ १८, प्रीसेट स्लो, ट्यून अ‍ॅनिमेशन. सीआरएफमध्ये तुम्ही दर्जा ठरवता आणि जागा कोडेक ठरवतो, त्यामुळे शांत भागाला कमी आणि पळापळीच्या भागाला जास्त जागा मिळते. वरची साफसफाई झालेली असेल तर २२ मिनिटांचा भाग साधारण १५० ते २५० एमबीत बसतो. याहून लहान हवं असेल तर एक्स२६५ किंवा एव्ही१ हे नवे कोडेक, दोन्ही १० बिटमध्ये. मूळ ८ बिटचं असलं तरी १० बिट घ्या. संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात ८ बिटमध्ये पट्टे पडतात, १० बिटमध्ये फार कमी पडतात. एक्स२६४ मध्ये मात्र १० बिट नको, बहुतेक टीव्हींचं हार्डवेअर ते चालवत नाही.

एव्ही१ मध्ये मूळ कण काढून टाकून पाहताना नवे कण तयार करण्याची सोय आहे. चाहत्याने जपलेल्या प्रतीत मी ती बंद ठेवते. तिथे दिसणारे कण कॅसेटवरचे नसतात.

चित्राचं माप पाहण्याच्या प्रतीत ६४० बाय ४८० करा. व्हीएचएसला आडवं तपशील जेमतेम २४० रेषांइतकं असतं, तेव्हा ७२० ठेवून काही मिळत नाही. मात्र माप बदलायचं ते फील्ड जुळवून झाल्यावरच. रंगाची नोंद फाइलमध्ये एसडीची, म्हणजे बीटी.६०१ अशी स्पष्ट करा. ही नोंद राहिली आणि प्लेअरने एचडीचा हिशेब लावला की होमरचा पिवळा रंग वेगळाच दिसतो, आणि ‘टेप उतरली’ असं समजून लोक रंग दुरुस्त करायला बसतात.

आवाज: कॅसेट हाय-फाय यंत्रावर रेकॉर्ड झाली असेल तर तोच ट्रॅक घ्या. साधा ट्रॅक ईपी मोडमध्ये फार दबका येतो. मूळ प्रतीत काहीच न फेकणारा फ्लॅक, पाहण्याच्या प्रतीत कमी जागा घेणारा ऑपस, ९६ केबीपीएस. अख्ख्या भागाचे १६ एमबीसुद्धा होत नाहीत. ‘डारिया’ला मात्र १६० द्या, ती प्रत तुम्ही गाण्यांसाठीच ठेवताय.

सीडींचं काय

त्या २० सीडी कॅसेटपेक्षा जास्त धोक्यात असू शकतात. घरी बर्न केलेली सीडी वीस वर्षांनी वाचली जाईलच असं नाही. फायली ओढून कॉपी करू नका. डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरून आख्ख्या सीडीची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या. ते वाचता आलेले भाग आधी घेतं, अडलेले भाग नोंदून ठेवतं, आणि नंतर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी घालून उरलेलं वाचता येतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह असतील तर पुष्कळ वेळा एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमतं.

आतल्या १७५ एमबीच्या फायली त्या काळाचं माप सांगतात. ७०० एमबीच्या सीडीवर बरोबर चार भाग बसावेत म्हणून ते ठरलं. कोडेक डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड, आवाज एमपी३. या फायलींना पुन्हा एन्कोड करू नका. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं की पहिल्याचे डागही कोडेक प्रामाणिकपणे जपायला बघतो, जागा त्यांच्यावर खर्च होते आणि चित्र आणखी उतरतं. एमकेव्हीमध्ये जशाच्या तशा हलवा, पाच सेकंदांचं काम आहे, आणि मूळ एव्हीआय फायलीसुद्धा ठेवा. २० सीडींचे सगळे मिळून १४ जीबी होतात, तेवढ्यासाठी काटकसर कशाला?

‘साउथ पार्क’च्या बाबतीत मला या फायलींबद्दल विशेष माया आहे. ही मालिका १३ ऑगस्ट १९९७ ला सुरू झाली, पण तिचा उगम ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी १९९५ मध्ये एका टीव्ही अधिकाऱ्याच्या नाताळ शुभेच्छांसाठी केलेल्या छोट्या चित्रफितीत आहे. ती लोकांनी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवली, पुढे इंटरनेटवर पसरली, आणि त्या गाजावाजातून मालिका उभी राहिली. हातोहात केलेल्या प्रतींनीच तिला पहिला प्रेक्षक मिळवून दिला. शिवाय जून २०२० मध्ये ती एचबीओ मॅक्सवर आली तेव्हा पाच भाग वगळलेले होते. त्यांतला २००१ चा एक तुमच्या सीडीवर आहे का बघा, ‘सुपर बेस्ट फ्रेंड्स’.

एआयने मोठं करावं का

नाही. पाहण्याची तिसरी प्रत म्हणून हौस भागवायची असेल तर वेगळं, पण जपायच्या प्रतीवर नाही. ही साधनं हरवलेलं तपशील शोधून आणत नाहीत, अंदाजाने नवं काढतात. कार्टूनमध्ये रेषा हीच कलाकाराची सही असते. ‘बीव्हिस’मधली रेषा मुद्दाम ओबडधोबड आहे, साधन ती गुळगुळीत करतं आणि पात्रांचे चेहरे मेणाचे होतात. पाट्यांवरच्या पुसट अक्षरांच्या जागी कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं येतात. ४८० रेषांचं चित्र ४८० रेषांतच ठेवा, मोठं करण्याचं काम टीव्ही करतो.

जाहिराती, नावं आणि कायदा

मूळ प्रतीतून जाहिराती कापू नका. कॅसेटवर तारीख नसली तरी जाहिरात सांगते: कुठला सिनेमा ‘या शुक्रवारपासून’, कुठल्या दुकानाचा कितव्या तारखेपर्यंतचा सेल. भाग पहिल्यांदा दाखवलेला की पुनःप्रसारणातला हेही त्यावरून कळतं, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रसारणात जास्त जाहिराती बसवायला भागातली वाक्यं कापली जायची. त्याच प्रतीत अमेरिकन टीव्हीची सबटायटल्सही असू शकतात. ती चित्राच्या वर, २१ व्या रेषेत लपलेली असत आणि व्हीएचएसवर उतरत. तुमचं कॅप्चर कार्ड फक्त ४८० रेषा घेत असेल तर ती रेषा सहसा सुटते, म्हणून कार्ड घेताना हे विचारून घ्या.

फाइलच्या नावात प्रसारणाची तारीख आणि निर्मितीचा क्रमांक दोन्ही लिहा. ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ तिसऱ्या सीझनचा पहिला भाग म्हणून दाखवला गेला, पण त्याचा क्रमांक ७एफ२४, म्हणजे तो दुसऱ्या सीझनच्या निर्मितीतला. नुसतं ‘सीझन ३ भाग १’ लिहिलंत तर ही माहिती पुसली जाते. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: कॅसेट कितवी, कुठला व्हीसीआर, कुठलं कार्ड, कुठले फिल्टर, आणि सगळ्या फायलींचे एसएचए-२५६ आकडे (फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची खूण). वर्षातून एकदा ते आकडे पुन्हा काढून जुळवा.

या मालिकांचे हक्क त्यांच्या मालकांकडेच आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या बीटामॅक्स खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं रास्त ठरवलं, पण त्यातून वाटप करण्याची परवानगी निघत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यातही खासगी वापराला जागा आहे, ती खासगी वापरापुरतीच. घरात ठेवा, घरी बघा, सार्वजनिक चढवू नका.

सुरुवात करताना सगळ्यात प्रिय कॅसेट आधी घेऊ नका. ‘सिम्पसन्स’ची, डीव्हीडीवर मिळणाऱ्या भागांची एखादी घ्या, तिच्यावर यंत्र आणि हात दोन्ही बसू द्या, आणि मग ‘बीव्हिस’कडे वळा. प्रत्येक कॅसेटच्या कडेला काकांनी पेनाने लिहिलेली पट्टी असेल, तिचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि या रविवारी काकांना फोन करा: ते तेव्हा न्यूजर्सीत कुठल्या गावी होते, घरी केबल होती की अँटेना, आणि सिम्पसन्स ते रात्री आठला बघायचे की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. संध्याकाळी म्हणाले, तर त्या कॅसेटवर पुनःप्रसारणातले कापलेले भाग असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती यादीत शेवटी घ्यायला हरकत नाही.